परीक्षकाच्या हाती सामानाची यादी

बेळगाव शहरातून खानापूर रस्त्याने निघाले म्हणजे उद्यमबागेची औद्योगिक वसाहत लागते. ओतशाळा, यंत्रशाळा, द्रवदाबावर चालणारे पंप आणि व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने ह्यांनी ती गजबजलेली आहे. येथील एखाद्या नीटनेटक्या ओतशाळेत रवानगीसाठी रचून ठेवलेले बिडाचे कास्टिंग निरखून पाहिले, तर त्याच्या अंगावर काही अंक व अक्षरे उमटविलेली आढळतात. कामगार त्यांना ‘हीट नंबर’ म्हणतात. भट्टीत एका खेपेला जो रस तयार झाला, त्या खेपेचा तो क्रमांक होय.

ह्या लहानशा क्रमांकामागे बरीच मोठी व्यवस्था उभी असते. त्या खेपेला भट्टीत पिग आयर्न किती पडले, पोलादाचे भंगार किती पडले, वरून कशाची भर घातली, ह्याची नोंद चार्ज शीटवर असते. रसाचा नमुना घेऊन स्पेक्ट्रोमीटरवर त्यातील घटकांचे प्रमाण तपासले जाते. त्याच रसातून एक वेगळी कांब ओततात. तिला टेस्ट बार म्हणतात. ती यंत्रात ओढून तोडतात आणि किती ताणाला तुटली ते लिहून ठेवतात. मालाबरोबर गिऱ्हाइकाला जे प्रमाणपत्र जाते, त्यावर हे आकडे असतात आणि त्यांच्यासोबत तोच हीट नंबर असतो. कास्टिंगवरचा क्रमांक पुसला गेला, की आकडे खरे असूनही ते प्रमाणपत्र निरुपयोगी ठरते. कारण ते ह्याच मालाचे आहे असे सांगणारा दुवा नाहीसा झालेला असतो.

आज मला बोलावयाचे आहे ते अशाच एका दुव्याविषयी. मात्र तो लोखंडाच्या मालातील नसून संगणकाच्या प्रोग्रॅममधील आहे. निपाणी काय किंवा बेळगाव काय, आपला हा सीमाभाग पुणे आणि बंगळूर ह्यांना जोडणाऱ्या महामार्गावर वसला आहे. उद्यमबागेतच १९७९ साली गोगटे तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठही बेळगावातच आहे. पुष्कळ घरांतील मुलगा किंवा मुलगी आज सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे. ती मुले नेमके काय करतात, हे घरातील वडीलधाऱ्यांना सांगणे अवघड जाते. त्यांच्या कामातील एक महत्त्वाचा प्रश्न आपल्या ओळखीच्या ओतशाळेच्या साहाय्याने समजून घेता येईल, असे मला वाटते. तो प्रश्न असा: जी चाचणी प्रोग्रॅमची परीक्षा घेते, त्या चाचणीला तो प्रोग्रॅम कोणत्या सामानाचा बनला आहे हे कळावे कसे?

प्रोग्रॅमची बांधणी

कोणताही मोठा प्रोग्रॅम एका माणसाने किंवा एका कंपनीने आरंभापासून अखेरपर्यंत लिहिलेला नसतो. तारीख कशी मांडावी, फाईल कशी उघडावी, दूरच्या संगणकाशी कसे बोलावे, अशी शेकडो कामे करणारे तयार भाग इतरांनी लिहून ठेवलेले असतात. त्यांना ‘लायब्ररी’ म्हणतात. आपला प्रोग्रॅम ज्या लायब्रऱ्यांवर विसंबून असतो त्या त्याच्या ‘डिपेन्डन्सी’. आपण त्यांना आधारघटक म्हणू. प्रत्येक आधारघटकाला नाव असते आणि आवृत्तीचा क्रमांकही असतो. शिवाय त्या आधारघटकांना त्यांचे स्वतःचे आधारघटक असतात, त्यांना आणखी असतात, आणि ही वंशावळ खोलवर जाते.

ही वंशावळ माणसाने लक्षात ठेवणे शक्य नाही. म्हणून ते काम एका साधनाकडे सोपविलेले असते. त्याला ‘बिल्ड टूल’ म्हणजे बांधणीचे साधन म्हणतात. ह्या साधनांचा मूळपुरुष म्हणजे ‘मेक’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी १९७६ साली ते तयार केले. त्यामागील हकीकत बोलकी आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन ह्यांनी एके दिवशी सारी सकाळ एका प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात घालविली. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. परंतु दुरुस्त केलेला भाग पुन्हा बांधून घ्यावयाचा राहून गेला होता. तपासणी चालली होती ती जुन्याच मालाची! आपण तपासतो ती वस्तू आणि आपल्याला तपासावयाची आहे ती वस्तू एकच आहे काय, हा प्रश्न असा ह्या साधनांच्या जन्मापासूनच त्यांच्यासोबत आहे.

‘मेक’नंतर जावा भाषेसाठी ‘अँट’, ‘मेव्हन’ आणि ‘ग्रेडल’ ही साधने आली. स्काला भाषेसाठी ‘एसबीटी’, रस्टसाठी ‘कार्गो’, जावास्क्रिप्टसाठी ‘एनपीएम’ आले. नावे वेगळी असली तरी त्यांचे मुख्य कर्तव्य एकच आहे. कारागिराने दिलेली मागणी वाचावयाची, दूरच्या भांडारातून सामान आणावयाचे, वंशावळीतील तंटे मिटवावयाचे आणि सारे जोडून प्रोग्रॅम उभा करावयाचा. ओतशाळेच्या भाषेत सांगावयाचे तर चार्ज शीट ह्या साधनाजवळ असते.

वंशावळ किती खोल असते, ह्याचा धडा २०१६ सालच्या मार्च महिन्यात मिळाला. एनपीएमच्या भांडारातून ‘लेफ्टपॅड’ नावाची एक लायब्ररी तिच्या कर्त्याने रागाने काढून घेतली. ती अवघ्या अकरा ओळींची होती. पण तिच्यावर कोणी, त्या कोणावर आणखी कोणी, असे विसंबून असलेले असंख्य प्रकल्प जगभर एकाएकी बांधले जाईनासे झाले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते नाव पूर्वी ऐकलेही नसेल.

चाचणीला यादी कशाला हवी?

आता दुसऱ्या पात्राकडे वळू. प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो बरोबर चालतो की नाही हे दर वेळी माणसाने तपासत बसणे परवडत नाही. म्हणून तपासणीही प्रोग्रॅमच्या रूपानेच लिहून ठेवतात. तिला स्वयंचलित चाचणी म्हणतात. १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा ह्यांनी झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात बसून ‘जेयुनिट’ हे चाचणीचे साधन लिहिले आणि ही पद्धत सर्वत्र रूढ होण्यास मोठा हातभार लागला. बदल झाला की बांधणीचे साधन प्रोग्रॅम बांधते आणि लगेच चाचण्या चालविते. सगळ्या उतरल्या तर हिरवी खूण उमटते. त्या हिरव्या खुणेवर विसंबून माल पुढे जातो.

साधारण चाचणीला सामानाच्या यादीची गरज नसते. दोन आणि दोन मिळून चार होतात की नाही, हे पाहण्यास ती यादी कशाला? परंतु काही चाचण्या अशा असतात की यादीवाचून त्यांचे पाऊल पुढे पडत नाही. ज्याची चाचणी चालली आहे तो प्रोग्रॅमच मुळी दुसरे प्रोग्रॅम बांधणारा असेल, तर त्याच्यापुढे लायब्रऱ्यांच्या फाईली कोठे आहेत त्याचा पत्ता ठेवावा लागतो. सदोष ठरलेली एखादी आवृत्ती मालात शिरलेली नाही, अशी हमी चाचणीने द्यावयाची असेल, तर मालात काय काय आहे हे तिला कळले पाहिजे. आणि प्रोग्रॅम स्वतःविषयी जी आवृत्ती पडद्यावर दाखवितो ती खरी आहे की नाही, हे ताडून पाहण्यास खरी आवृत्ती तिच्या हाती असली पाहिजे.

येथेच अडचण उभी राहते. बांधणीचे साधन आणि चाचणी ही दोन वेगळी माणसे आहेत असे समजा. पहिल्याने सामान आणले, जोडले, आणि पुष्कळदा दुसऱ्याला एका स्वतंत्र खोलीत बसवून दार लोटून घेतले. चाचणी स्वतंत्र प्रक्रियेत चालते, ह्याचा अर्थ एवढाच. साधनाच्या मनात असलेली यादी आपोआप त्या खोलीत जात नाही. ती मिळविण्यासाठी कारागीर चार वाटा धुंडाळतात. त्या एकामागून एक पाहू.

चार वाटा

पहिली वाट स्वतःच्या वहीची. चाचणी लिहिणारा यादी हातानेच चाचणीत लिहून टाकतो: अमुक लायब्ररी, अमुक आवृत्ती. ही वाट सोपी आहे आणि म्हणूनच तिच्यावर वर्दळ फार. पण तिचा धोका पाहा. २०२१ सालच्या डिसेंबरात ‘लॉगफोरजे’ ह्या जावा भाषेतील लायब्ररीत भयंकर दोष उघड झाला. प्रोग्रॅममध्ये काय काय घडले त्याची नोंद लिहून ठेवणे हे तिचे काम. परंतु नोंदीत विशिष्ट मजकूर आला की ती दूरच्या परक्या संगणकावरून आज्ञा आणून चालवू शके. दुरुस्त आवृत्ती २.१५ आली. ती पुरेशी नाही असे आढळून त्याच महिन्यात २.१६ आली आणि मागोमाग २.१७ आली. ज्यांनी चाचणीत हाताने २.१५ लिहून ठेवले, त्यांची चाचणी योग्य सुधारणेला चूक ठरवू लागली. ह्याहून वाईट प्रकार म्हणजे चाचणी वहीतील आकडा वहीतल्याच दुसऱ्या पानावरील आकड्याशी ताडून पाहते आणि समाधान मानते. प्रत्यक्ष मालाकडे तिची दृष्टी जातच नाही. आम्हां शिक्षकांना ह्याचे नवल वाटू नये. पाठ्यपुस्तक बदलले तरी जुन्या पुस्तकावरून प्रश्नपत्रिका काढणारा परीक्षक मुलांची परीक्षा घेत नसतो. तो स्वतःच्या जुन्या टिपणांची उजळणी करीत असतो.

दुसरी वाट परत साधनाला हाक मारण्याची. चाचणी आपल्या खोलीतूनच बांधणीचे साधन नव्याने चालविते आणि त्याच्याकडून यादी मागते. ऐकावयास हे प्रामाणिक वाटते, परंतु ह्यात तीन दोष आहेत. वेळ फार लागतो. दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यासारखेच येईल असे नाही. कारण मधल्या काळात दूरच्या भांडारात नवी आवृत्ती आलेली असू शकते, आणि मग चाचणीला मिळालेली यादी प्रत्यक्ष बांधलेल्या मालाची राहत नाही. तिसरा दोष तर विचित्रच आहे. काही साधने एका वेळी एकच काम हाती घेतात आणि दुसरे आले तर पहिले संपेपर्यंत त्याला थांबवून ठेवतात. साधन चाचणी संपण्याची वाट पाहते आणि चाचणी साधन मोकळे होण्याची वाट पाहते; ‘आधी आपण’ म्हणत दारात उभ्या राहिलेल्या दोन पाहुण्यांप्रमाणे दोघेही तेथेच खोळंबून राहतात.

तिसरी वाट भोवताली नजर टाकण्याची. चाचणी ज्या खोलीत बसली आहे तेथे काय सामान दिसते, ते पाहून ती अंदाज करते. जावामध्ये चालू प्रोग्रॅमला लायब्रऱ्या कोठून मिळतात त्याचा मार्ग नोंदलेला असतो. त्याला ‘क्लासपाथ’ म्हणतात. तो वाचता येतो. मेव्हनने बांधलेल्या लायब्ररीच्या गठ्ठ्यात सहसा एक लहानशी चिठ्ठी असते आणि तीवर नाव व आवृत्ती लिहिलेली असते. पायथन भाषेत तर २०१९ साली आलेल्या ३.८ ह्या आवृत्तीपासून, बसविलेल्या कोणत्याही पॅकेजची आवृत्ती विचारण्याची सोय भाषेच्या मूळ संचातच आहे.

ही वाट पहिल्या दोहोंपेक्षा चांगली आहे, कारण येथे प्रत्यक्ष सामान पाहिले जाते. पण नजर फसू शकते. क्लासपाथ फार लांब झाला की काही साधने तो थेट न देता एकच पोकळ गठ्ठा देतात आणि खरी यादी त्याच्या आत ठेवतात. वरवर पाहणाऱ्याला एकच वस्तू दिसते. काही कारागीर अनेक लायब्रऱ्या फोडून एकाच मोठ्या गठ्ठ्यात मिसळून टाकतात. तसे करताना चिठ्ठ्या गळून पडू शकतात. जुनी कास्टिंगे वितळवून नवे ओतले की जुने हीट नंबर रसात विरून जातात, तसेच हे.

चौथी वाट हवाली करण्याची. बांधणीचे साधन यादी तयार होताक्षणीच ती लिहून चाचणीच्या हाती देते. मेव्हनमध्ये क्लासपाथची यादी एका फाईलमध्ये लिहून ठेवण्याची सोय आहे. चाचणी सुरू होण्यापूर्वी ती लिहावयाची आणि चाचणीने ती वाचावयाची. ग्रेडलमध्ये चाचणी सुरू करताना तिला हवी ती माहिती सोबत बांधून देता येते. एसबीटीला ‘बिल्डइन्फो’ नावाची एक जोड आहे; ती प्रकल्पाचे नाव, आवृत्ती अशी माहिती घेऊन प्रोग्रॅमचाच एक लहानसा भाग आपोआप लिहिते, आणि चाचणी तो भाग इतर भागांप्रमाणेच वापरते. कार्गो हे साधन तर पॅकेजची आवृत्ती, आणि काही चाचण्यांना तपासावयाच्या प्रोग्रॅमचा पत्ताही, न मागता पुरविते. गो भाषेत, तिची मॉड्यूल पद्धत वापरून प्रोग्रॅम बांधला, तर कोणती मॉड्यूले कोणत्या आवृत्तीची लागली त्याची यादी त्या प्रोग्रॅमच्या पोटातच कोरलेली राहते. साच्यातच अंक खोदून ठेवले म्हणजे ओतलेल्या मालावर ते आपोआप उठून दिसतात, त्या युक्तीशी हिचे साम्य आहे.

ज्याने बांधले त्याने, बांधताना, बांधलेल्या मालाचीच यादी द्यावी, हे ह्या चौथ्या वाटेचे मर्म आहे. साधन बदलले तरी ते बदलत नाही.

यादी कोणती?

यादी हवाली केली की काम संपले, असे मात्र समजू नये. कारण यादी एक नसते, तीन असतात.

पहिली यादी मागणीची. कारागिराने मला अमुक लायब्ररी हवी असे लिहिले, ती. दुसरी यादी निवाड्याची. समजा, आपण दोन लायब्रऱ्या मागितल्या आणि त्या दोघींनी एकाच तिसऱ्या लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागितल्या. हा तंटा साधनाला मिटवावा लागतो आणि प्रत्येक साधनाचा न्याय वेगळा. मेव्हन वंशावळीत जे नाते जवळचे, त्याची मागणी मानते. नाते सारखेच असेल तर जिची नोंद आधी, तिची मानते. ग्रेडल, वेगळी सूचना नसेल तर, त्यांतील सर्वांत नवी आवृत्ती घेते. तेव्हा मागणी एकच असूनही दोन साधनांच्या हाती दोन वेगळे निवाडे येऊ शकतात. मागणीपत्रावर अमुक दर्जाचे भंगार लिहिले होते म्हणून भट्टीत तेच पडले, असे कोणता फोरमन धरून चालेल? तो चार्ज शीट पाहील. चाचणीनेही निवाड्याचीच यादी मागावी. लॉगफोरजेच्या वेळी ज्यांच्या मालात ती सदोष लायब्ररी सापडली त्यांच्यापैकी पुष्कळांनी ती स्वतः मागितलेलीच नव्हती. वंशावळीतून, कित्येक पिढ्या खालून, ती आत आली होती. मागणीची यादी पाहून त्यांना काहीच कळले नसते.

तिसरी यादी रवानगीची. म्हणजे गिऱ्हाइकाकडे प्रत्यक्ष जाणाऱ्या मालाची. ही निवाड्याच्या यादीहून वेगळी असू शकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चाचणी चालते तेव्हा तिच्या खोलीत चाचणीसाठीच आणलेल्या लायब्रऱ्याही असतात. जेयुनिट ही त्यांपैकीच. त्या गिऱ्हाइकाकडे जात नाहीत. प्रोग्रॅमला खरोखर लागणारी एखादी लायब्ररी केवळ चाचणीच्या सामानाबरोबर आत आलेली असली, तर चाचणी उत्तम उतरते आणि गिऱ्हाइकाकडे गेल्यावर प्रोग्रॅम पहिल्याच पावलाला कोसळतो. म्हणून भोवताली दिसते तेच मालात आहे असे चाचणीने मानू नये. साधनाकडे तिने नाव घेऊन मागणी करावी: मला रवानगीच्या मालाची यादी हवी, माझ्या खोलीची नको. टेस्ट बार उत्तम तुटली, ही बातमी चांगली खरीच. पण ती बार आणि ते कास्टिंग एकाच रसाचे असतील तरच.

ह्याला जोडून आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. आजची साधने श्रम वाचविण्यासाठी, ज्या चाचणीच्या आदानात काही बदल झालेला नाही ती पुन्हा चालवीत नाहीत. मागचाच निकाल पुढे करतात. यादी जर साधनाच्या नकळत, आडवाटेने चाचणीकडे गेली, तर यादी बदलली तरी साधनाला त्याचा पत्ता नसतो आणि जुना हिरवा निकाल नव्या मालावर चिकटतो. म्हणून यादी हे चाचणीचे आदान आहे, अशी नोंद साधनाकडे रीतसर केली पाहिजे. नव्या हीटला जुने प्रमाणपत्र जोडणाऱ्याला उद्यमबागेत काय म्हणतील, ते मी सांगावयास नको.

‘काही आढळले नाही’ ह्याचे दोन अर्थ

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका खऱ्या घटनेने द्यावे लागेल.

अमेरिकेत ‘इक्विफॅक्स’ नावाची कंपनी आहे. लोकांच्या कर्जव्यवहारांची माहिती ठेवणे हा तिचा धंदा. २०१७ सालच्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘अपाची स्ट्रट्स’ ह्या लायब्ररीतील गंभीर दोष जाहीर झाला आणि दुरुस्त आवृत्तीही उपलब्ध झाली. कंपनीत सूचना फिरली. १५ मार्चला सदोष आवृत्ती कोठे आहे काय, हे शोधण्यासाठी तपासणीही चालविण्यात आली. तपासणीने सांगितले, काही आढळले नाही. वास्तविक ती आवृत्ती तेथेच होती. तपासणी ज्या ठिकाणी पाहत होती, त्या ठिकाणी ती नव्हती एवढेच. मे महिन्यात चोर त्याच दारातून शिरले आणि जुलैअखेर उघडकीस येईपर्यंत आतच होते. सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची खाजगी माहिती त्यांच्या हाती लागली.

श्रोतेहो, ह्या घटनेत तपासणी झाली नाही असे नाही. तपासणी झाली, तिचा निकालही आला आणि तो निकाल धीर देणारा होता. ‘काही आढळले नाही’ ह्या वाक्याचे दोन अर्थ होतात. सारे पाहिले आणि दोष नव्हता, हा एक अर्थ. पाहावयास हवे होते ते पाहिलेच नाही, हा दुसरा. कागदावर दोन्ही एकसारखेच दिसतात. ते वेगळे करून दाखविणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे काय काय पाहिले त्याची यादी.

स्वयंचलित चाचणीच्या बाबतीत हा धोका फार जवळ असतो. यादीतील प्रत्येक घटक सदोष नाही हे तपास, अशी आज्ञा चाचणीला दिली आणि काही कारणाने तिच्या हाती कोरी यादी आली, तर ती एकही घटक न तपासता हिरवी खूण देते. म्हणून जाणते कारागीर अशा चाचणीत सर्वांत आधी यादी रिकामी नाही हे तपासतात. जी लायब्ररी मालात असलीच पाहिजे ती यादीत दिसते की नाही, हेही पाहतात. मग एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकदम आत आल्या नाहीत ना, हे पाहतात, आणि त्यानंतर निषिद्ध आवृत्त्यांचा शोध घेतात. वर्गात आधी हजेरी घ्यावी आणि मग कोण काय शिकला ते विचारावे, त्यातलाच हा क्रम.

आता हा प्रश्न केवळ कारागिरांच्या हौसेचा राहिलेला नाही. २०२१ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशात सॉफ्टवेअरबरोबर त्याच्या घटकांची यादी देण्याचा विषय आला. आपल्याकडे ‘सेबी’ने ऑगस्ट २०२४ मध्ये शेअरबाजाराशी संबंधित संस्थांसाठी संगणकसुरक्षेची जी चौकट जाहीर केली, तीत अशा यादीचा समावेश आहे. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ ह्या संस्थेनेही त्याच वर्षी ऑक्टोबरात ह्या याद्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तेव्हा ज्या बँकेत आपले निवृत्तिवेतन जमा होते किंवा ज्या भ्रमणध्वनीवरून आपण पैसे देतो, तेथील सॉफ्टवेअरच्या मागेही हाच प्रश्न उभा आहे: ह्यात काय काय आहे, आणि ते कोणी कशावरून सांगितले?

यादी कागदावर देणे ही पहिली पायरी झाली. ती यादी खरी आहे, हे प्रत्येक बांधणीच्या वेळी चाचणीने ताडून पाहणे ही त्यापुढची पायरी होय. वर्षातून एकदा तयार करून कपाटात ठेवलेली यादी चार दिवसांत शिळी होते. बांधणीच्या साधनाकडून निघून थेट चाचणीच्या हाती पडणारी यादी मालाबरोबर जन्मते आणि मालाबरोबर बदलते. आणि तिच्यात दोष दिसला तर माल कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच थांबविता येतो.

आपल्या घरातील जी मुले पुण्याला किंवा बंगळुराला ह्या कामात आहेत, ती सुटीत घरी आली म्हणजे त्यांना सहज विचारून पाहावे: तुमच्या चाचणीला मालाची यादी कोण देते? ती चाचणीने स्वतः लिहून ठेवलेली आहे की बांधणाऱ्याने दिलेली आहे? ती मागणीची आहे की रवानगीची? आणि ती कोरी आली तर चाचणी ओरडते की गप्प राहते? उद्यमबागेतील तपासनीस असेच प्रश्न दररोज विचारीत असतात आणि कास्टिंगवर हीट नंबर नसला तर माल बाजूला काढून ठेवतात. सॉफ्टवेअरच्या कामातही तेवढाच काटेकोरपणा यावा, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यासाठी लागणारी साधने आज प्रत्येक कारागिराच्या हाताशी आहेत.